साखळी ० ते ६४० : एका रस्त्याच्या प्रकल्प नोंदी

२२ जून २०२५, रविवार

आज सकाळी साडेसहा ते साडेनऊ या वेळात नाशिकमधील आमच्या वसाहतीतील नऊ जणांनी मुख्य रस्त्यापासून नाल्यावरच्या मोरीपर्यंत खड्ड्यांची पहिली मोजणी केली. हा रस्ता ६४० मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद आहे. त्यावर आज ४७ खड्डे आढळले, आणि त्यांपैकी ११ खड्डे दहा सेंटिमीटरपेक्षा खोल आहेत.

मोजणीचे कारण येथे लिहून ठेवतो. मंगळवारी, १७ जूनला, संध्याकाळी पावसात मुलीला शिकवणीहून घरी आणत असताना आमच्या शेजारच्या ताईंची दुचाकी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेली. त्यांच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. मुलगी सुदैवाने बाजूच्या चिखलात पडली आणि तिला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. त्याच खड्ड्याविषयी वसाहतीतून अ‍ॅपवर दोनदा तक्रार गेली होती आणि दोन्ही वेळा ‘निराकरण झाले’ असा शेरा पडून ती बंद झाली होती. त्या रात्री ताईंच्या घरी जमलेल्या प्रत्येकाला त्या खड्ड्याची माहिती होती, पण तो नेमका कुठे आहे, किती खोल आहे आणि कधीपासून आहे, हे एकालाही कागदावर दाखवता आले नसते. ही वही तिथून सुरू झाली.

जागा ठरवण्यासाठी विजेच्या खांबांवरील क्रमांक वापरायचे ठरले, कारण पाऊस चुन्याची खूण धुऊन नेतो, खांब जागच्या जागी राहतो. मोरीपर्यंत एकूण २२ खांब आहेत. प्रत्येक खड्ड्यासाठी जवळचा खांब, त्यापासूनचे अंतर आणि रस्त्याच्या कडेपासूनचे अंतर टेपने घेतले. खोली मोजताना खड्ड्यावर सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवून तिच्या खालच्या कडेपासून तळापर्यंतचे माप घेतले. बांधकाम खात्यात रस्त्यावरील अंतराला ‘साखळी’ म्हणतात, म्हणून आमच्या तक्त्याचा पहिला रकानाही साखळीचाच ठेवला आहे. वाचणाऱ्या अभियंत्याला आपला कागद परका वाटू नये, हा हेतू.

तक्ता पूर्ण झाल्यावर एक गोष्ट लगेच नजरेत भरली. ४७पैकी २९ खड्डे खांब ९ ते १३ या जेमतेम १२० मीटरच्या पट्ट्यात आहेत. सगळा रस्ता एकाच वेळी झाला, वाहतूकही एकच आहे, मग खड्डे एकाच ठिकाणी का दाटले, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

२६ जून, गुरुवार

महापालिकेच्या विभागीय कार्यालयात पहिला लेखी अर्ज दिला आणि आवक क्रमांकासह पोच घेतली.

मंगळवारच्या बैठकीत अर्जाच्या भाषेवर दोन तास चर्चा झाली. तरुण मुलांचा आग्रह खड्ड्यांत झाडे लावून आंदोलन करण्याचा होता, काहींना रास्ता रोको हवा होता. त्यांचा राग खोटा नाही, आणि मी त्यांना तसे सांगितलेही. पण दोन वर्षांपूर्वी अशाच एका आंदोलनाचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला, दुसऱ्या दिवशी एक ट्रक येऊन गेला आणि तो विषय तिथेच संपला, हे सर्वांना आठवत होते. यंदा आपण मागणी अशी करायची की तिचे उत्तर एका ट्रकने देता येऊ नये, असे ठरले.

त्याप्रमाणे ‘खड्डे बुजवा’ हे वाक्य अर्जातून काढले. त्याऐवजी तीन गोष्टी मागितल्या : ११ खोल खड्ड्यांभोवती आजच अडथळे लावून सूचनाफलक ठेवावेत, खांब ९ ते १३ या पट्ट्यात खड्डे का पडतात, याची तांत्रिक पाहणी करावी, आणि या रस्त्याच्या देखभालीची जबाबदारी आज कोणावर आहे, ते लेखी कळवावे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे महापालिकेच्या आवश्यक कर्तव्यांमध्ये मोडते. त्यामुळे अर्जात विनंतीबरोबर त्या कलमाचा उल्लेखही केला.

पूर्वी अशी कामे नगरसेवकांमार्फत होत. नाशिकमध्ये मार्च २०२२ पासून लोकनियुक्त सभागृह नाही आणि कारभार प्रशासकांकडे आहे. दार ठोठावायला ओळखीचा माणूस नाही, ही अडचण आहेच, पण तिच्यामुळे आम्हाला कागदाकडे वळावे लागले, हेही खरे.

३ जुलै, गुरुवार

सकाळी एक ट्रॅक्टर आला आणि १९ खड्ड्यांत मुरूम व विटांचे तुकडे टाकून गेला. रोलर नव्हता. अडथळे आणि फलक आले नाहीत. दुपारी चारनंतर पाऊस लागला. रात्री नऊ वाजता पाहिले तेव्हा १९पैकी १२ खड्डे रिकामे होते, आणि मुरमाचा लाल चिखल खांब ११ समोर पसरल्यामुळे दोन दुचाकी घसरल्या. कोणाला लागले नाही.

८ जुलै, मंगळवार

माहिती अधिकाराचा अर्ज दाखल केला. महाराष्ट्रातील नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. हे बंधन सुरुवातीला जाचक वाटले, पण त्यामुळे आम्हाला नेमके काय हवे आहे, ते ठरवणे भाग पडले. रस्त्याच्या शेवटच्या डांबरीकरणाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, काम पूर्ण झाल्याचा दाखला, दोष दायित्व कालावधीची (कामात निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याच्या मुदतीची) अट आणि त्यानंतर रस्ता खोदण्यास दिलेल्या परवानग्या, एवढेच मागितले. सोबत कलम २(ञ) खाली अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही जोडली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला. मुदत तीस दिवसांची, म्हणजे ७ ऑगस्टपर्यंत.

१३ जुलै, रविवार

दुसरी मोजणी. खड्डे ६१. यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि रस्त्याला पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीसाठी कोरडे दिवस मिळालेच नाहीत, हे मान्य करायला हवे. तरीही ६१पैकी ३८ खड्डे त्याच १२० मीटरमध्ये आहेत, म्हणजे पाऊस सर्वत्र सारखा पडत असला तरी त्याचे परिणाम सर्वत्र सारखे नाहीत.

गोदावरीला पूर आला की आपले शहर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहते. पाणी त्याच्या कमरेला आहे की छातीला, यावरून पुराचा अंदाज घराघरांत सांगितला जातो. तसेच एखादे कायमचे माप आपल्याकडेही हवे, असे आज एका आजोबांनी सुचवले. म्हणून खांब ११ च्या बुंध्यावर तैलरंगाने सेंटिमीटरच्या खुणा केल्या. यापुढे मोठ्या पावसानंतर तिथे साचलेले पाणी किती आहे आणि ते किती तासांनी उतरते, हे समोरच्या किराणा दुकानातून लिहिले जाईल.

२० जुलै, रविवार

आजची नोंद लांब आहे, कारण पहिल्या पानावरच्या प्रश्नाचे उत्तर आज सापडू लागले.

दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, म्हणजे आपण जिला ‘मेरी’ म्हणतो तिच्या, प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेले एक काका आमच्या वसाहतीत राहतात. त्यांनी आज सर्वांना रस्त्यावर उभे करून समजावले की, डांबराचा खरा शत्रू वाहनांचे ओझे नसून साचलेले पाणी आहे. वरच्या डांबरी थराला बारीक भेग पडते आणि तिच्यातून पाणी खाली उतरते. ते खडीला धरून ठेवणारी डांबराची पकड सोडवते. वरून चाक गेले की अडकलेले पाणी दाबाखाली इकडून तिकडे ढकलले जाते आणि परत येताना बारीक माती बरोबर घेऊन येते. खड्ड्याभोवती दिसणारा पिवळसर-काळा गाळ हा खालच्या थरातून वर आलेला असतो. अशा रीतीने आतून पोकळी तयार होते आणि एके दिवशी वरचा थर खाली बसतो. आम्हाला खड्डा त्या दिवशी दिसतो, पण त्याची सुरुवात कितीतरी आधी झालेली असते.

आमच्या रस्त्याखाली काळी माती आहे. वीस वर्षांपूर्वीपर्यंत इथे द्राक्षबागा होत्या, हे जुन्या रहिवाशांना आठवते. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. बागेला ती मानवते, रस्त्याला नाही. म्हणून अशा जमिनीवरच्या रस्त्यात पाणी खाली उतरू न देणे हे इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा महत्त्वाचे ठरते.

त्यानंतर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन रस्त्याचा आडवा उतार मोजला. डांबरी रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांकडे साधारण दोन ते अडीच टक्के उतार हवा, म्हणजे आमच्या नऊ मीटरच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा नऊ ते अकरा सेंटिमीटर उंच असायला हवा. खांब ३ जवळ तो नऊ सेंटिमीटर भरला, आणि तिथे एकही खड्डा नाही. खांब ११ जवळ मात्र मध्य आणि कड यांत जेमतेम दोन सेंटिमीटरचा फरक आहे, आणि पुढे एका ठिकाणी तर कडच मध्यापेक्षा उंच झाली आहे. पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही.

कड उंच का झाली, याची दोन कारणे दिसली. पहिले असे की, गेल्या वर्षी गॅसवाहिनीसाठी डाव्या कडेने सुमारे एक मीटर रुंद चर खोदला गेला आणि तो बुजवताना वरचा भराव उंच राहिला; शिवाय थराथराने दाबला न गेल्यामुळे तो कुठे खचला, तर कुठे फुगला. दुसरे कारण लिहिताना मला संकोच वाटतो, पण ते लिहिलेच पाहिजे. आमच्यापैकी सात घरांनी फाटकासमोर गाडी चढवण्यासाठी सिमेंटचे उतार बांधले आहेत. त्यांतले काही थेट पावसाळी गटारावर आले आहेत. माझ्या घरासमोरचा उतार त्या सातांपैकी एक आहे.

३ ऑगस्ट, रविवार

माझ्या घरासमोरचा उतार आज फोडला. खाली लोखंडी जाळी निघाली, गाळाने पूर्ण भरलेली. आणखी तीन घरांनी आज संमती दिली. दोन घरांचे म्हणणे असे की, कार्यालयाने आधी गटार साफ करावे, मग आम्ही उतार काढू. एका घरी वृद्ध आजींची चाकाची खुर्ची ये-जा करते. तिथे सिमेंटच्या जागी पाणी खालून जाईल असा लोखंडी जाळीचा उतार वसाहतीच्या खर्चाने करून द्यायचे ठरले.

बैठकीत एका गृहस्थांनी विचारले की, आपणच आपली चूक अर्जात कबूल केली तर कार्यालय सगळा दोष आपल्यावर टाकणार नाही का. मला वाटते, लपवलेली गोष्ट पाहणीच्या दिवशी समोर आली तर आपले बाकीचे सगळे कागदही संशयास्पद ठरतील. बहुमताने असे ठरले की उतारांची यादी आपणच द्यायची, छायाचित्रांसह आणि काढल्याच्या तारखांसह.

११ ऑगस्ट, सोमवार

माहितीची मुदत संपली, उत्तर नाही. कलम १९(१) खाली वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून प्रथम अपील दाखल केले.

२४ ऑगस्ट, रविवार

तीन दिवसांवर गणेश चतुर्थी. काल आणि आज मिळून मोठ्या रस्त्यांबरोबर आमच्याकडेही तयार थंड मिश्रणाने १४ खड्डे भरले. गोण्यांतून येणारे हे मिश्रण ओल्या हवामानात तात्पुरत्या दुरुस्तीसाठी असते. काम करणाऱ्या चौघा मजुरांनी काकांच्या सांगण्यावरून आठ खड्ड्यांतील पाणी आणि सुटी खडी आधी काढली, कडा पहारीने सरळ केल्या आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकला. त्यांच्याकडे वेळ कमी होता, तरी त्यांनी ऐकून घेतले. दुपारी त्यांना वसाहतीतून जेवण दिले.

त्या १४ पैकी कडा कापून भरलेले ८ आणि नुसते ओतून भरलेले ६ खड्डे वेगळे नोंदवले आहेत.

९ सप्टेंबर, मंगळवार

प्रथम अपिलाची सुनावणी झाली. सात दिवसांत माहिती विनामूल्य द्यावी आणि अभिलेख दाखवावेत, असा आदेश मिळाला.

विसर्जनानंतरची स्थितीही लिहून ठेवतो. कडा कापून भरलेल्या आठपैकी सात खड्डे टिकून आहेत. नुसते ओतलेले सहाही उखडले. साहित्य एकच, माणसे तीच, पाऊसही तोच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तिघे जण कार्यालयात गेलो आणि अडीच तास फाइल पाहिली. लिपिक ताईंनी पाने शोधून देण्यात मनापासून मदत केली.

मुख्य निष्कर्ष असा : रस्त्याचे डांबरीकरण १५ फेब्रुवारी २०२३ रोजी पूर्ण झाल्याचा दाखला आहे आणि दोष दायित्व कालावधी तीन वर्षांचा आहे. म्हणजे १४ फेब्रुवारी २०२६ पर्यंत या कामात दोष आढळला तर तो ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. त्यासाठी नवी निविदा नको, नवी तरतूद नको. आम्हाला तीन महिने ‘निधी आला की बघू’ असे सांगितले जात होते, आणि निधीची गरजच नव्हती, हे वाचताना आम्ही तिघेही काही वेळ बोललो नाही.

मोजमाप पुस्तिकेत पावसाळी गटाराच्या १२ जाळ्या नोंदल्या आहेत. रस्त्यावर आम्हाला पाचच दिसतात. उरलेल्या सातांविषयी लगेच कोणावर आरोप करू नये, असे मी सुचवले, कारण एक जाळी माझ्याच उताराखाली निघाली होती. खोदाईच्या परवानगीचे पत्रही फाइलमध्ये आहे आणि रस्ता पूर्ववत करण्यासाठीचे शुल्क भरल्याची पावती त्याला जोडली आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लोकशाही दिनासाठी, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी अधिकारी समोरासमोर ऐकतात त्या दिवसासाठी, अर्ज दिला. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, म्हणून घाई केली. अर्जात फक्त एक मागणी : अभियंते, डांबरीकरणाचा ठेकेदार, चर खोदणारी संस्था आणि रहिवासी यांची एकत्र पाहणी. आजवर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले आहे, आणि सर्वजण एकाच खड्ड्याभोवती एकाच वेळी कधी उभे राहिलेले नाहीत.

वसाहतीतील एका वकील ताईंनी आणखी एक मार्ग समजावून सांगितला. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली दाद मागता येते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १३३ होते, आणि त्याच कलमाच्या आधारे रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले होते की, पैसे नाहीत या सबबीवर नगरपालिकेला आपले मूलभूत कर्तव्य टाळता येत नाही. हा मार्ग आम्ही राखून ठेवला आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

लोकशाही दिनात आमचा क्रमांक दुपारी आला. आम्ही दोन पानेच पुढे ठेवली : एकावर साखळीप्रमाणे खड्ड्यांचा तक्ता, दुसऱ्यावर दोष दायित्वाची अट. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांत सर्व यंत्रणा गुंतली आहे, असे सुरुवातीला सांगण्यात आले. ते चूक नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या ऑगस्टमध्ये पहिले अमृतस्नान, त्यामुळे शहरभर रस्ते, पूल आणि वाहिन्यांची कामे चालू आहेत. पण आमच्या रस्त्याला सिंहस्थाचा एक रुपयाही नको आहे, ठेकेदाराला एक पत्र जायला हवे आहे, असे आमच्या वतीने बोलणाऱ्या शिक्षिका ताईंनी शांतपणे सांगितले आणि अटीच्या ओळीवर बोट ठेवले. संयुक्त पाहणीचे निर्देश मिळाले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

परवा, १३ ऑक्टोबरला, मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यांवरील खड्ड्यांविषयी महत्त्वाचा आदेश दिला. २०१३ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेतील हा आदेश न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाचा आहे. खड्डा किंवा उघडे चेंबर यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमी झालेल्यांना दुखापतीच्या स्वरूपाप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असे त्यात म्हटले आहे.

संध्याकाळी ताईंच्या घरी बसून आदेशाची बातमी मोठ्याने वाचली. त्यांचे प्लास्टर निघाले असले तरी मूठ अजून पूर्ण मिटत नाही, पोळ्या लाटताना हात दुखतो. पैशांसाठी मी हे करत नाही, असे त्या वारंवार म्हणत होत्या. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सांगितले, ‘‘अगं, तू नाही मागितलेस तर पुढच्या बाईलाही देणार नाहीत.’’ दिवाळीनंतर अर्ज करायचे ठरले.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ताईंच्या भरपाईचा अर्ज दाखल. सोबत उपचारांची कागदपत्रे, १७ जूनचे छायाचित्र, बंद केलेल्या दोन्ही तक्रारींचे क्रमांक आणि २२ जूनच्या मोजणीचे पान.

३० ऑक्टोबर, गुरुवार

संयुक्त पाहणी झाली. कनिष्ठ अभियंता, उपअभियंता, ठेकेदाराचे प्रतिनिधी आणि चर खोदणाऱ्या संस्थेचे पर्यवेक्षक असे चौघे आले. आमच्याकडून सुमारे तीस जण होते. कोणीही आवाज चढवायचा नाही आणि बोलायचे दोघांनीच, हे आदल्या दिवशी ठरले होते आणि ते पाळले गेले.

पहिला पाऊण तास अपेक्षेप्रमाणे गेला. ठेकेदाराचे म्हणणे, चरामुळे रस्ता खराब झाला, म्हणून दोष दायित्व लागू होत नाही. पर्यवेक्षकांचे म्हणणे, आम्ही शुल्क भरले आहे, दुरुस्ती आमच्याकडे नाही. तेव्हा काकांनी खांबावरील खुणांची वही उघडली. १३ जुलैपासून १७ मोठ्या पावसांनंतर खांब ११ जवळ किती पाणी साचले आणि ते किती तासांनी उतरले, हे किराणा दुकानदारांनी एकही दिवस न चुकता लिहिले होते. सर्वाधिक पाणी २१ सेंटिमीटर, आणि ते उतरायला १९ तास. उपअभियंत्यांनी ती वही उभ्या उभ्या पूर्ण वाचली आणि म्हणाले, ‘‘इथे चाचणी खड्डा घ्या.’’

चराच्या भरावात दीड फुटावर मोजमाप पुस्तिकेतील हरवलेली एक जाळी सापडली, मातीखाली दबलेली. पुढच्या तासाभरात आणखी दोन निघाल्या. उरलेल्या चार उतारांखाली आहेत, हे आमच्या यादीवरून आम्हीच दाखवले. म्हणजे बाराच्या बारा जाळ्या रस्त्यात आहेत. ठेकेदाराने त्या बसवल्या होत्या, हे त्यामुळे सिद्ध झाले, आणि ते सर्वांसमोर सांगितल्यावर त्यांच्या प्रतिनिधींचा सूरही बदलला. ऑगस्टमध्ये नकार देणारे दोन्ही घरमालक तिथेच उभे होते. त्यांनी उतार काढण्यास संमती दिली.

पाहणी अहवालात तीन गोष्टी लिहिल्या गेल्या आणि सर्वांनी सह्या केल्या. एक मीटर चराची पट्टी खोदाई शुल्कातून थराथराने दाबून पूर्ववत होईल. खांब ९ ते १३ या पट्ट्याचे नवीन अस्तरीकरण योग्य उतारासह ठेकेदार स्वखर्चाने करील. उरलेले खड्डे चौकोनी कापून गरम मिश्रणाने भरले जातील.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जाळ्या मोकळ्या करून गटार मोरीपर्यंत साफ केले. सातही उतार निघाले. आजींच्या घरासमोर लोखंडी जाळीचा उतार बसला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

डांबरीकरणाचा दिवस. सकाळी थंडी चांगलीच होती, आणि काकांना तीच चिंता होती. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचे मिश्रण रस्त्यावर पसरताना त्याचे तापमान किमान १४० अंश सेल्सिअस असावे लागते आणि रोलरचे काम ते ९० अंशांखाली जाण्यापूर्वी संपावे लागते. मिश्रण थंड झाले तर वरून गुळगुळीत दिसते, पण आत पोकळी राहते आणि पाणी पुन्हा तिथेच शिरते. पहिल्या गाडीचे तापमान १४६ भरले. दुसरी गाडी वाटेत अडकून दीड तास उशिरा आली, ताडपत्रीही नीट बांधलेली नव्हती, आणि मापक ११८ दाखवत होता. काम थांबवण्याचा अधिकार आम्हाला नाही. कनिष्ठ अभियंत्यांना मापक दाखवून काका एवढेच म्हणाले, ‘‘साहेब, तुम्हीच बघा आणि तुम्हीच ठरवा.’’ अभियंत्यांनी स्वतः दोन ठिकाणी तापमान घेतले आणि गाडी परत पाठवली. वयाने ते आमच्या मुलांएवढे असतील. त्यांच्यावर त्या क्षणी किती दबाव होता, ते आम्ही फोनवरच्या बोलण्यावरून ऐकले. त्यांनी निर्णय बदलला नाही. विभागाला उद्या जे आभाराचे पत्र देऊ, त्यात ही गोष्ट तापमानाच्या आकड्यांसह लिहायची आहे.

रात्री पाण्याच्या नळीने उतार तपासला. खांब ११ जवळ मध्य कडेपेक्षा दहा सेंटिमीटर उंच आहे.

१४ डिसेंबर, रविवार

सहावी मोजणी. खड्डे सहा, सर्व खांब १८ ते २२ या शेवटच्या भागात, मोरीच्या अलीकडे. अहवालातील तिसऱ्या मुद्द्याप्रमाणे हे काम बाकी आहे.

टँकरने खांब १० जवळ पाणी सोडून पाहिले. ते दोन्ही बाजूंनी जाळ्यांत गेले आणि अकरा मिनिटांत रस्ता मोकळा झाला. ताई मुलीला घेऊन पाहायला आल्या होत्या.

१८ डिसेंबर, गुरुवार

सोमवारी महापालिका निवडणूक जाहीर झाली, मतदान १५ जानेवारीला आहे. आचारसंहितेमुळे उरलेले काम फेब्रुवारीत करू, असे आज तोंडी सांगण्यात आले. पण हे नवे काम नाही. जुन्या कराराखालील दोषदुरुस्ती आहे, तिला नवी मंजुरी लागत नाही आणि दायित्वाची मुदत १४ फेब्रुवारीला संपते. त्यामुळे तोंडी उत्तर स्वीकारले नाही. सहा खड्ड्यांची साखळी, मापे आणि छायाचित्रे जोडून, पाहणी अहवालाच्या प्रतीसह, मुदतीपूर्वी दुरुस्ती करून घ्यावी आणि ती होईपर्यंत ठेकेदाराची अनामत रक्कम परत करू नये, असे पत्र दिले. पोच घेतली.

मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष न विचारता, याच पत्राची एक प्रत द्यायची आहे. शंभर प्रती काढून किराणा दुकानात ठेवल्या आहेत. ताईंच्या अर्जावर सुनावणीची तारीख मिळावी म्हणून स्मरणपत्रही आजच दिले.

पुढील मोजणी ४ जानेवारी २०२६, रविवार, सकाळी सात वाजता, खांब १८ पासून. टेप आणि लाकडी पट्टी काकांकडे आहे, वही माझ्याकडे.